अध्यस्थि : घोड्याच्या नळीवरील गाठ, तिची घडण आणि तिची नावे

अश्ववैद्यकाविषयीच्या इंग्रजी मजकुराचे मराठीत रूपांतर करू पाहणाऱ्यास 'स्प्लिंट' हा शब्द हटकून अडवितो. कोश उघडावा तर 'मोडलेल्या हाडास आधार म्हणून बांधावयाची कामटी' हा अर्थ प्रथम पुढे येतो. आणि तो तसाच उचलून 'घोड्याच्या पायावरील कामट्या बऱ्या होण्यास काही आठवडे लागतात' असे वाक्य लिहिले, की वाचकाच्या डोळ्यांपुढे हाड मोडलेला, पट्ट्या बांधलेला घोडा उभा राहतो. मूळ वाक्यात मोडलेले हाड नाही, पट्टी नाही आणि कामटीही नाही. तेथे आहे ती नळीच्या आतल्या अंगास आलेली एक लहानशी, हाडाइतकीच टणक गाठ. इंग्रजीत या एकाच शब्दाने तीन वस्तू सांगितल्या जातात : बाहेरून बांधावयाची कामटी, घोड्याच्या पायात जन्मतःच असलेले एक बारीक हाड, आणि त्या हाडाच्या आसपास उद्भवणारी गाठ. यांपैकी तिसऱ्या अर्थाचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः करावयाचा आहे. परंतु दुसरा अर्थ समजून घेतल्यावाचून तिसरा उलगडत नाही, आणि पहिल्याची सावली तर दोहोंवरही पडलेली आहे.

भाषेच्या अभ्यासकाने घोड्याच्या हाडांत शिरावे, हे काहींस विचित्र वाटेल. त्यावर इतकेच उत्तर देता येईल की, संज्ञा ज्या वस्तूची असेल त्या वस्तूची ओळख करून न घेता परिभाषा घडविण्याचे परिणाम आपण पुष्कळ पाहिले आहेत. शिवाय येथे प्रश्न केवळ कोशाचा नाही. पायावर गाठ दिसली म्हणून एखादा निकोप घोडा मातीमोलाने विकला जातो. उलट, ज्याची गाठ अजून ताजी व दुखरी आहे असा घोडा 'एवढ्याशा गाठीने काय होते' म्हणून कामास जुंपला जातो. ज्याचा संसार एका घोड्यावर चालतो त्याला यांपैकी कोणतीही गोष्ट परवडणारी नाही, आणि घोड्याला दुसरी तर मुळीच नाही. या दोन्ही प्रमादांच्या मुळाशी 'गाठ बरी झाली' या शब्दप्रयोगाचा ढिलेपणा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता त्या बारीक हाडांकडे वळू. घोड्याच्या पुढच्या पायाच्या ज्या सांध्यास आपण गुडघा म्हणतो, तो वस्तुतः मनुष्याच्या मनगटाशी जुळणारा सांधा होय. त्याच्या खालचा सरळ व लांब भाग म्हणजे नळी. मनुष्याच्या तळहातात पाच लांबट हाडे असतात. घोड्याच्या या भागात सहज ओळखू येतील अशी तीनच उरली आहेत. मधले, म्हणजे मोजणीने तिसरे, ते भार वाहणारे नळीचे जाड हाड. त्याच्या मागील बाजूस दोन्ही अंगांस चिकटून दुसरे व चौथे अशी दोन कृश हाडे असतात. वरच्या टोकास ती रुंद असतात, खाली निमुळती होत जातात, आणि नळीचा बराचसा भाग उतरून आल्यावर एका लहानशा बोंडात संपतात. त्यांच्या पुढे बोट नाही, खूर नाही. मागच्या पायांतही हीच मांडणी आहे; म्हणजे एका घोड्याच्या अंगी अशी आठ हाडे झाली. इंग्रजीत यांनाच 'स्प्लिंट'ची हाडे म्हणतात. बांबू चिरून काढलेली कामटी ज्याने पाहिली आहे, त्यास हे नाव का पडले असावे हे सांगावे लागणार नाही. मराठीत त्यांस 'कामटीची हाडे' म्हणावे. लेखात पुढे तीच संज्ञा वापरली आहे.

ही हाडे तेथे आली कोठून, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात फार गाजला. रिचर्ड ओवेन यांनी १८४१ साली इंग्लंडातील अवशेषांवरून ज्या प्राण्यास 'हायराकोथेरियम' हे नाव दिले, त्याचे घोड्याशी असलेले नाते त्या वेळी त्यांच्या ध्यानात आले नव्हते. पुढे अमेरिकेत ओथनिएल मार्श यांनी जीवाश्मांची जी मालिका जमविली, तिने ते नाते स्पष्ट केले. १८७६ साली टॉमस हक्सले येल येथे ती मालिका पाहावयास गेले आणि ती पाहून त्यांनी घोड्याच्या उत्क्रांतीविषयीचे आपले व्याख्यान बदलले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या त्या कुत्र्याएवढ्या प्राण्याच्या पुढच्या पायास चार व मागच्या पायास तीन बोटे होती. पुढील रूपांत मधले बोट बळावत गेले, बाजूची आखडत गेली. आणि आजच्या घोड्यात त्या बाजूच्या बोटांची केवळ वरची हाडे, म्हणजे या कामट्या, शिल्लक राहिल्या. क्वचित एखादे शिंगरू नळीच्या बाजूस लहानसे जादा खूर घेऊन जन्मते. ज्युलियस सीझरच्या घोड्याचे खूर मनुष्याच्या बोटांप्रमाणे विभागलेले होते असे स्वेटोनियस लिहितो, ते बहुधा याच प्रकारचे असावे. उरलेली दोन बोटे, पहिले व पाचवे, अगदीच नाहीशी झाली की त्यांच्या खुणा इतर हाडांत विलीन होऊन राहिल्या आहेत, याविषयी २०१८ मध्ये एका नव्या प्रतिपादनाने वाद पुन्हा उभा केला आहे. तो शरीरशास्त्रज्ञांवर सोपवू.

भाषाभ्यासकास या ठिकाणी डार्विन यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८५९ च्या आपल्या ग्रंथात अवशिष्ट अवयवांविषयी लिहिताना त्यांनी दृष्टान्त घेतला तो शब्दांच्या लेखनाचा : उच्चारातून गेलेली परंतु लेखनात टिकून राहिलेली अक्षरे उच्चारास निरुपयोगी असली तरी शब्दाची व्युत्पत्ती शोधण्यास उपयोगी पडतात, तसेच हे अवयव. दृष्टान्त मोठा मार्मिक आहे आणि आमच्या शास्त्राचा त्याने गौरवच केला आहे. तथापि घोड्याच्या कामटीच्या हाडास तो लावताना जपावयास हवे. मुके अक्षर काही भार वाहत नाही; कामटीचे हाड वाहते. त्याचे वरचे रुंद टोक गुडघ्याच्या सांध्याचा एक भाग असते आणि त्या सांध्यातील लहान हाडांचा थोडा भार त्याच्यावर पडतो. विशेषतः आतल्या अंगाच्या हाडाचे माथे सपाट असल्यामुळे त्यावरचा भार सरळ खाली उतरतो. बाहेरच्या हाडाची बैठक निराळी आहे. म्हणजे वरच्या टोकाने ओझे घ्यावयाचे, परंतु खालच्या टोकास टेकावयास जमीन नाही, अशी या हाडाची अवस्था आहे. ते ओझे अखेर नळीच्या मुख्य हाडास द्यावे लागते, आणि तो व्यवहार दोहोंच्या मधल्या एका तंतुमय बंधाच्या मार्फत होतो.

रोगाचे मूळ या बंधात आहे. शिंगरात तो लवचिक असतो. घोडा पाऊल टाकतो तेव्हा आतले बारीक हाड मुख्य हाडाच्या मानाने किंचित खाली सरकते व पाऊल उचलताच परत येते. वय वाढते तसा हा बंध हळूहळू अस्थिरूप होत जातो आणि पुष्कळशा प्रौढ घोड्यांत दोन्ही हाडे थोड्याबहुत अंशाने एकजीव झालेली आढळतात. हा रोग नव्हे. हा वयाचा धर्म. परंतु हे सांधणे पुरे होण्याच्या आधीच, दोन ते चार वर्षांच्या कोवळ्या वयात, घोड्यास कठीण जमिनीवर पळविले, एकाच दिशेने लहान वर्तुळात फिरविले, किंवा त्याच्या वजनास न झेपणारे काम दिले, तर बंधाचे तंतू ताणले जातात व काही तुटतात. तेथे दाह होतो, हाडावरील आवरण उचलले जाते, आणि त्या आवरणाच्या आतल्या थरातील पेशी नवे हाड घालू लागतात. हीच ती गाठ. ती बहुधा पुढच्या पायाच्या आतल्या अंगास, गुडघ्याखाली सुमारे चार बोटांवर येते. पायांची ठेवण सदोष असली, म्हणजे नळी गुडघ्याच्या बरोबर मध्याखाली नसून बाहेरच्या अंगास सरकलेली असली, तर आतल्या हाडावरील ताण वाढतो व गाठीचा संभवही वाढतो. खाण्यात खनिजांचा मेळ बिघडलेला असणे, उदाहरणार्थ कोंड्यावरच पोसलेल्या घोड्यास स्फुरद फार व चुना थोडा मिळणे, हेही हाड दुबळे होण्याचे एक कारण आहे.

दुसऱ्या एका प्रकारची गाठ बंधाशी संबंध न ठेवता येते. चालताना एका पायाचा खूर दुसऱ्या पायाच्या नळीवर आपटतो, किंवा शेजारच्या घोड्याची लाथ बसते, आणि हाडाचे आवरण दुखावते. मागच्या पायात गाठ आलीच तर ती बहुधा बाहेरच्या अंगास येते, त्याचे कारणही लाथच असते. दोन्ही प्रकारांत पुढची घडामोड साधारण एकच. म्हणून त्यांचा विचार एकत्र केला तरी चालेल.

आता मुख्य प्रश्न. ही गाठ बरी होते म्हणजे काय होते?

मराठीत शरीराच्या दुरुस्तीसाठी एकच क्रियापद नाही, ही आपल्या भाषेची मोठी सोय आहे. जखम भरून येते, सूज उतरते, गाठ जिरते, मोडलेले हाड सांधते, दुखणे थांबते, आणि माणूस बरा होतो. इंग्रजीतील एका शब्दाखाली यांतील पुष्कळ क्रिया सामावतात, आणि त्यामुळेच इंग्रजी लेखनातही 'स्प्लिंट बरे झाले' या विधानाचा अर्थ लेखकागणिक बदललेला दिसतो. घोड्याच्या या गाठीत वरील क्रियापदे वेगवेगळ्या वेळी लागू पडतात आणि एक तर बहुधा कधीच पूर्णपणे लागू पडत नाही. तो क्रम पाहण्यासारखा आहे.

पहिले काही दिवस ते दोन-तीन आठवडे गाठ अशी नसतेच. असते ती सूज. हात लावला तर ऊन लागते, दाबले तर घोडा पाय ओढून घेतो. चालताना तो ठीक दिसतो, पण दुडकी चाल धरताच, विशेषतः कठीण जमिनीवर, लंगडतो. मऊ मातीत तोच घोडा पुष्कळदा बरा चालतो, आणि विकणारा चतुर असला तर त्याला हे पक्के ठाऊक असते. काही घोडे मुळीच लंगडत नाहीत. या काळात आत जे चालले असते ते घाईचे बांधकाम होय. रक्त साकळलेले, तंतू तुटलेले, आणि त्या जागी पेशींनी भराभर घातलेले कच्चे हाड, ज्याचे धागे कोणत्याही एका दिशेने लागलेले नाहीत. क्ष-किरणांच्या चित्रात ते प्रारंभी दिसतच नाही. दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागते तेव्हा त्याची कड धूसर व खडबडीत असते.

पुढे सूज उतरते, ऊब जाते, दुखणे थांबते. विश्रांती मिळाली तर यास बहुधा चार ते सहा आठवडे पुरतात. घोडा लंगडत नाही, दाबले तरी कुरकुरत नाही. व्यवहाराच्या भाषेत तो बरा झाला. आणि नेमक्या याच वेळी गाठ सर्वांत मोठी व सर्वांत टणक लागते! सूज असताना बोटांना जी मऊ कड जाणवत होती तिच्या जागी आता चिंचोक्याएवढा किंवा सुपारीएवढा दगडी उंचवटा असतो. नवख्या मालकाची घाबरगुंडी उडते ती येथे. त्याला वाटते रोग वाढला; वस्तुतः जो भाग हलत होता तो आता हाडानेच जखडला गेला आहे. मोडलेल्या हाडास बाहेरून कामटी बांधतात, येथे शरीराने आतून बांधली आहे, असे म्हटले तर वस्तुस्थितीस धरून होईल. मात्र इंग्रजीतील नाव या कल्पनेवरून पडलेले नाही, हे पुढे येईलच.

यानंतरचा काळ महिन्यांचा आहे, कधी वर्षाचा, आणि त्याकडे लक्ष देणारे थोडे. हाड ही मृत, घट्ट वस्तू नाही. ते अखंड मोडले व बांधले जात असते. हाड खाणाऱ्या पेशी एकीकडून ते पोखरतात, हाड घालणाऱ्या पेशी दुसरीकडून भरतात, आणि कोठे पोखरावयाचे व कोठे भरावयाचे हे पुष्कळ अंशी त्या जागी पडणाऱ्या ताणावरून ठरते. जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी हे तत्त्व १८९२ च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्यांच्या विवेचनातील गणिती काटेकोरपणा पुढे टिकला नाही, पण मूळ कल्पना टिकली. गाठीच्या बाबतीत तिचा अर्थ असा : घाईने घातलेले कच्चे हाड काढून टाकले जाते व त्याच्या जागी भाराच्या दिशेने थर लावलेले पक्के हाड येते. दोन्ही हाडे एकजीव झाल्यावर त्यांच्यातील हालचाल थांबते. हालचाल थांबली की बाहेरच्या फुगवट्यावर ताणच पडत नाही. आणि ज्यावर ताण नाही असे हाड शरीर ठेवीत नाही. म्हणून गाठ कडांनी झिजते, गुळगुळीत होते, बैठकीने पसरट व उंचीने कमी होते. क्ष-किरणचित्रात तिची कड आता रेखीव व घट्ट दिसते. तरुण घोड्यात ही घट अधिक होते. चौथ्या वर्षी डोळ्यांना खुपणारी गाठ सातव्या-आठव्या वर्षी बोटांनी शोधावी लागते, असेही घडते. परंतु ती जिरते असे म्हणता येणार नाही. जिरणे म्हणजे मागमूस न राहणे. येथे काही ना काही उरतेच. वर ज्या क्रियापदाविषयी म्हटले ते हे.

सोळाव्या शतकातील अनुभवी माणसांस हे ठाऊक होते. फिट्झहर्बर्ट यांच्या नावावर असलेल्या १५२३ च्या इंग्रजी कृषिविषयक पुस्तकात घोड्याच्या रोगांची जी जंत्री आहे, तीत या गाठीस सतत टिकून राहणाऱ्या व्यथांपैकी जवळजवळ सर्वांत क्षुल्लक ठरविले आहे. टिकाऊ पण क्षुल्लक : आजच्या पशुवैद्यासही बहुसंख्य गाठींविषयी याहून वेगळे सांगावयाचे नसते.

बहुसंख्य म्हटले, सर्व नव्हे. अपवाद कोणते ते सांगितले पाहिजे, कारण घोड्याचे हाल तेथे होतात. दोन्ही कामटीच्या हाडांच्या मधल्या खोबणीतून, नळीच्या मागच्या अंगाने, एक जाड बंध खाली उतरतो. घोट्याचा सांधा तोच तोलून धरतो. (हाही मूळचा एक स्नायूच; घोड्यात त्याचा बहुतेक भाग कंडरेसारखा झाला आहे. कामटीच्या हाडांप्रमाणे तोही जुन्या हाताचा अवशेष, आणि तोही बेकार बसलेला नाही.) गाठ बाहेरच्या बाजूस वाढण्याऐवजी मागे, या बंधाच्या अंगास वाढली तर पावलागणिक घर्षण होते. बाहेरून काहीच दिसत नाही, घोडा मात्र लंगडत राहतो. गाठ गुडघ्याच्या सांध्यास लागून आली असेल तरीही भविष्य शंकास्पद. तिसरी गोष्ट, ज्यास गाठ समजत आहोत ते कामटीच्या हाडाचे मोडणेच असू शकते. लाथेने ते कोठेही मोडते. खालच्या निमुळत्या भागात ते त्या जाड बंधाच्या ताणानेही मोडते. हाताने चाचपून यातला भेद नेहमी कळत नाही, क्ष-किरण घ्यावे लागतात. खालचा मोडका तुकडा काढून टाकता येतो व घोड्यास त्याची उणीव भासत नाही. वरचा भाग मात्र काढता येत नाही, कारण त्यावर सांधा टेकलेला आहे. मुक्या अक्षराच्या दृष्टान्ताची मर्यादा शस्त्रक्रियेच्या मेजावर अशी प्रत्ययास येते.

उपचारांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. विश्रांती, थंड पाण्याची धार, दाब देणारी पट्टी, दाहशामक औषध, आणि मग मऊ जमिनीवर हळूहळू काम : मुख्य उपचार एवढाच. यांतील विश्रांती हाच खरा उपचार आणि तोच मालकास सर्वांत महाग पडतो. जुन्या काळी याउलट गाठीवर तापल्या लोखंडाने डागत, किंवा फोड आणणारी तीक्ष्ण द्रव्ये चोळीत. आपल्याकडे दुखऱ्या जागी बिब्बा घालण्यामागे जी समजूत आहे तीच तेथे होती : नवा दाह उठवावा म्हणजे जुना हटतो. ब्रिस्टल येथील संशोधकांनी कंडरांच्या दुखापतीसंबंधी या डागण्याची कसून परीक्षा केली व १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत त्याचा काही लाभ आढळला नाही. हाडाच्या गाठीची गोष्ट कंडरेहून वेगळी हे खरे. परंतु डागणीचे श्रेय तिला कसे मिळत असावे हे समजणे कठीण नाही. डागलेल्या घोड्यास काही आठवडे कामास लावता येत नसे. तेवढ्या अवधीत गाठ आपोआप थंड होई, आणि नाव लोखंडाचे होई. शोभेखातर गाठ छिलून काढण्याची शस्त्रक्रियाही करतात; परंतु शस्त्राने दुखावलेले आवरण पुन्हा हाड घालू लागते व कित्येकदा गाठ पूर्ववत् उभी राहते. विक्रीच्या किंवा प्रदर्शनाच्या हेतूने असा खटाटोप करणे प्रस्तुत लेखकास मुळीच प्रशस्त वाटत नाही.

आपल्याकडील घोड्यांच्या बाजारांत, तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत भरणारा बाजार त्यांत प्रसिद्ध आहे, घोडा पाहण्याची रीत फार जुनी आहे. भोवरे कोठे आहेत, पाय पांढरे किती, कपाळावर टिळा आहे की नाही, पंचकल्याणी म्हणता येईल की नाही, याची चर्चा तासन्‌तास चालते. या चिकित्सेस संस्कृत अश्वशास्त्रांतील लक्षणप्रकरणांचे पाठबळ आहे. नकुलाच्या नावावर असलेल्या अश्वशास्त्रात भोवऱ्यांचे शुभाशुभ विस्ताराने सांगितले आहे. जाणत्या माणसाचा हात मात्र तोंडाने ही चर्चा चालू असतानाच नळीवरून खाली उतरलेला असतो. त्या हाताने तीन प्रश्न विचारावयाचे असतात : गाठ ऊन आहे की थंड, दाबल्यावर घोडा पाय आखडतो की नाही, आणि गाठ बाजूस आहे की मागे वळलेली. भोवऱ्यांवरून घोड्याचे जे भविष्य वर्तविले जाते त्यापेक्षा या तीन उत्तरांवरून वर्तविलेले अधिक खरे ठरेल, याविषयी शंका नको. सहा वर्षांवरील घोड्याच्या नळीवर जुनी, थंड, गुळगुळीत गाठ असणे हे त्याच्या कोवळ्या वयातील कष्टांचे चिन्ह आहे. दोषाचे चिन्ह म्हणून किंमत पाडण्यास ते पुरेसे नाही.

कष्टांचे चिन्ह म्हटले खरे. परंतु या विधानासही एक मर्यादा आहे, आणि ती पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल. उत्खननात घोड्याच्या नळीची हाडे सापडतात तेव्हा कामटीची हाडे मुख्य हाडाशी सांधलेली आढळली, तर हा घोडा माणसाने जुंपलेला किंवा स्वारीचा असावा, असे अनुमान करण्याचा मोह होतो. २००७ साली रॉबिन बेंड्री यांनी या सांधणीची प्रत ठरविण्याची एक पद्धत मांडली, ती या अनुमानाची छाननी करण्यासाठीच. अडचण उघड आहे : वर सांगितल्याप्रमाणे केवळ वयानेही बंध अस्थिरूप होतो, आणि ज्याच्या पाठीवर कधी कोणी बसले नाही अशा घोड्यातही होतो. त्यामुळे घोड्याचे वय, वजन व सांधणीची जागा यांचा विचार न करता एका हाडावरून स्वाराचे अस्तित्व सिद्ध करणे म्हणजे एका शब्दाच्या साम्यावरून भाषाकुळ जोडण्यासारखे होईल.

राहता राहिला नावांचा प्रश्न. इंग्रजी 'स्प्लिंट' अथवा जुने रूप 'स्प्लेंट' हे मध्ययुगीन डच किंवा उत्तर जर्मन बोलींतून आले. मूळ अर्थ चिरफळी, पातळ पट्टी. चिलखताच्या पट्ट्यांस, मोडक्या हाडाच्या कामट्यांस आणि घोड्याच्या गाठीस हे नाव लागले. फिट्झहर्बर्ट यांच्या पुस्तकात रोगाचे नाव आहे. बारीक हाडास हे नाव नंतरच्या काळात लागलेले दिसते. म्हणजे आज आपण हाडावरून गाठीचे नाव समजावून घेतो, तरी शब्दाचा प्रवास गाठीकडून हाडाकडे झालेला दिसतो.

युरोपातील इतर भाषांनी वेगळी वाट धरली. फ्रेंचमध्ये ही गाठ 'स्युरो', म्हणजे 'वर' आणि 'हाड' यांचा समास. इटालियन 'सोप्रोस्सो', स्पॅनिश 'सोब्रेउएसो', जर्मन 'युबरबाइन' : सर्वांची घडण तीच, हाडावरचे हाड. यांपैकी काही एकमेकांची भाषांतरे असणे शक्य आहे. परंतु त्यांच्याशी संपर्काचा प्रश्नच नसलेल्या आपल्या आयुर्वेदात याच घडणीचा शब्द तयार आहे. चरकाच्या सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आणि सुश्रुताच्या सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात अस्थिधातूच्या दोषांनी होणारे विकार मोजले आहेत, त्यांत 'अध्यस्थि' व त्याच्या जोडीने 'अधिदंत' हे शब्द येतात. 'अधि' आणि 'अस्थि' : हाडावर उगवलेले हाड. तेथे विषय मनुष्यदेहाचा आहे, घोड्याचा नाही, आणि केवळ नळीवरील गाठीपुरताही तो मर्यादित नाही. तरीही वस्तूचे स्वरूप या शब्दाने जितके नेमके सांगितले जाते तितके इंग्रजी शब्दाने सांगितले जात नाही.

तेव्हा पुढे अश्ववैद्यकाचे मराठी लेखन करणाऱ्यांनी बांधावयाच्या पट्टीस कामटी, जन्मजात बारीक हाडास कामटीचे हाड, आणि त्यावरील गाठीस नळीवरील अध्यस्थि, बोलीत नुसते हाडावरचे हाड, असे म्हणावे अशी सूचना आहे. आणि क्रियापद लिहिताना अध्यस्थि थंड झाली, बसली, झिजली असे अवस्थेप्रमाणे लिहावे. 'जिरली' हे क्रियापद तिच्यापुरते बाजूस ठेवावे.